इंग्रजीचे 'रन' आणि आपले चालणे

इंग्रजी शिकायला सुरुवात केली की पहिल्या काही धड्यांतच 'रन' भेटतो. पळणाऱ्या मुलाचे चित्र, खाली शब्द आणि त्यापुढे अर्थ: धावणे. हा शब्द आला, असे समजून आपण पुढे जातो. मग वाचन वाढते आणि गोंधळ सुरू होतो. सर्दी झाली की नाक 'रन' होते. कापड धुतले की त्याचा रंग 'रन' होतो. करार तीन वर्षे 'रन' होतो, एखादी बाई कारखाना 'रन' करते, वर्तमानपत्र बातमी 'रन' करते. रस्ता तर जागचा हलतही नाही, पण तोही इंग्रजीत उत्तरेकडे 'रन' होत असतो. यांच्यापैकी कोणालाच पाय नाहीत, निदान पळण्यासाठी तरी ते कोणी वापरत नाही.

हा शब्द किती पसरला आहे याची मोजदाद झालेली आहे. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' हा इंग्रजीचा सर्वांत मोठा ऐतिहासिक कोश. जेम्स मरे १८७९ मध्ये त्याचे संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ साल उजाडले. १९८९ मध्ये वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या क्रियापदाची. नुसत्या 'सेट'चे सुमारे ४३० अर्थ, आणि ती एक नोंद जवळजवळ ६०,००० शब्दांची, म्हणजे एका बऱ्यापैकी जाड पुस्तकाएवढी. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासायला घेतल्या तेव्हा हा मान आधी 'मेक'कडे गेला, २००७ मध्ये 'पुट'कडे आणि २०११ मध्ये 'रन'कडे. 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले.

सेट, मेक, पुट, रन. चारही शब्द आखूड, जुने आणि रोजच्या तोंडातले आहेत. विद्वत्तेचा, लॅटिनमधून आलेला, चार-पाच अवयवांचा लांब शब्द या यादीत कधीच सापडणार नाही. त्याचे कारण सरळ आहे. जो शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो, त्याच्यावरच नवी कामे पडतात. नवे यंत्र आले, नवा व्यवहार आला, तर माणूस दर वेळी नवा शब्द घडवत बसत नाही. हाताशी असलेला जुना शब्द थोडा ताणतो. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये याचे एक ढोबळ गणितच मांडले. शब्दाच्या अर्थांची संख्या त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट जास्त वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ साधारण दहापट असतात.

६४५ हा आकडा ऐकून घाबरायचे मात्र कारण नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने १९८५ पासून 'वर्डनेट' नावाचा शब्दसंग्रह उभा राहिला. त्यात 'रन' या क्रियापदाचे अर्थ आहेत ४१. शब्द तोच, भाषा तीच, मग एकाकडे ६४५ आणि दुसऱ्याकडे ४१ कसे? कारण अर्थ हे खिशातल्या नाण्यांसारखे मोजता येत नाहीत. डोंगररांगेत शिखरे किती, हे जसे शिखर कशाला म्हणायचे यावर ठरते, तसेच इथे आहे. 'नदी वाहते', 'नळ वाहतो' आणि 'नाक वाहते' हे तीन अर्थ की एकच? शब्दकोश करणाऱ्यांत तोडणारे असतात आणि जोडणारेही असतात. ऑक्सफर्डच्या कोशाला शब्दाचा हजार वर्षांचा प्रवास टिपायचा आहे, म्हणून तो बारीक तोडतो. शिकणाऱ्याने जोडणाऱ्यांच्या बाजूने जावे असे मला ठामपणे वाटते, आणि या लेखात मी तेच करणार आहे.

आधी एक फरक स्वच्छ करून घेऊ. एकाच रूपात अनेक अर्थ दोन वेगळ्या वाटांनी येतात. मराठीतला 'नाव' घ्या. माणसाचे नाव संस्कृत 'नामन्'पासून आले आणि पाण्यातली नाव 'नौ'पासून. दोघांची कुळे वेगळी आहेत, झिजता झिजता दोघांचा चेहरा सारखा झाला एवढेच. आता 'पान' पाहा. झाडाचे पान आणि पुस्तकाचे पान हे दोन अर्थ आहेत, पण शब्द एकच, 'पर्ण'पासून आलेला. पातळ, सपाट, उलटता येणारे असे काही दिसले आणि झाडावरचे नाव पुस्तकाला दिले गेले. (मद्यपानातले 'पान' पुन्हा तिसरेच, त्याचा पर्णाशी संबंध नाही. एका शब्दात दोन्ही प्रकार असे शेजारी शेजारी नांदतात.) इंग्रजीत 'बॅट' हा 'नाव'सारखा आहे: वटवाघूळ आणि चेंडू मारायची फळी यांच्यात काही नाते नाही. अशा शब्दांचे अर्थ वेगवेगळेच लक्षात ठेवावे लागतात, त्याला इलाज नाही.

'रन' हा 'पान'च्या जातीचा. त्याचे सगळे अर्थ एका घरातले आहेत, आणि घर ओळखीचे झाले की नातेवाईक ओळखू येतात.

त्या घराचा पाया मराठी वाचकाला जरा अनपेक्षित वाटेल. आपण समजतो की आधी माणूस धावला आणि मग कोणीतरी कवीमनाने नदीलाही धावायला लावले. इतिहास तसे सांगत नाही. जुन्या इंग्रजीत 'रिनन' असे क्रियापद होते आणि त्याचा अर्थ धावणे हाही होता, वाहणे हाही होता. जर्मन ही इंग्रजीची चुलत बहीण. तिच्यात आजही 'रिनेन' म्हणजे वाहणे, ओघळणे आणि 'रेनेन' म्हणजे धावणे, असे दोन शब्द जोडीने आहेत. इंग्रजीत छोट्या ओहोळाला 'रनेल' म्हणतात, तोही याच मुळाचा. म्हणजे पाण्याचे वाहणे ही नंतर सुचलेली कल्पना नाही, ती पहिल्यापासून शब्दात आहे. शाळेतल्या चित्रात मुलाऐवजी ओढा काढला असता, तर बऱ्याच जणांचे काम सोपे झाले असते. 'रन'चा गाभा आहे: अडथळा नसताना एका ओघात पुढे जात राहणे. पाय त्यात असले तर असले.

हा ओघ धरला की नाक, रंग, वितळलेले मेण, डोळ्यांतून ओघळलेले काजळ, सगळ्यांचे 'रन' होणे एका क्षणात उलगडते. उघडा राहिलेला नळ 'रन' होत असतो. घराण्यात एखादा गुण 'रन' होतो, म्हणजे रक्तातून पिढ्यान् पिढ्या वाहत येतो. मराठीतही आपण म्हणतो, 'हे त्यांच्या रक्तातच आहे'.

जर्मन 'रेनेन'मध्ये आणखी एक गंमत दडली आहे. मुळात ते 'रिनेन'चे प्रयोजक रूप होते: स्वतः वाहणे हे एक, आणि दुसऱ्याला वाहायला, पळायला लावणे हे दुसरे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, तुटणे आणि तोडणे, बसणे आणि बसवणे ही आपली रोजची सोय आहे. इंग्रजीतही एके काळी ही सोय भरपूर होती. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. म्हणून तर मोडलेले हाड डॉक्टर 'सेट' करतात आणि आपण म्हणतो हाड बसवले. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे पाडणे, पण हे 'फेल' आता मुख्यतः झाड पाडण्यासाठीच वापरतात. 'राइझ' आणि 'रेझ' ही तशीच जोडी. 'रन'च्या बाबतीत मात्र दोन्ही रूपे काळाच्या ओघात एकमेकांत विरघळली. त्यामुळे 'द मशीन रन्स' यात यंत्र स्वतः चालते आणि 'शी रन्स द मशीन' यात ती ते चालवते. क्रियापद तसूभरही बदलत नाही. बदलते फक्त जागा: पुढे कर्म आले की 'रन' म्हणजे 'चालवणे', नाही आले की 'चालणे'.

इथेच मला या शब्दातली सर्वांत सुंदर गोष्ट दिसते. आपण ज्याला चालणे म्हणतो, त्याला इंग्रज धावणे म्हणतो.

यंत्र इंग्रजीत धावते, मराठीत चालते. दुकान, संस्था, शाळा, घर: तिकडे धावतात, इकडे चालतात. नाटक तिकडे महिनोन्‌महिने धावते. आपण विचारतो, 'नाटक चाललंय का?' कार्यक्रम दोन तास धावला, कार्यक्रम दोन तास चालला. संगणकावरचा प्रोग्रॅम धावतो, चालतो. करार पाच वर्षे धावतो, खटला पाच वर्षे चालतो. दोन्ही भाषांनी एकच कल्पना उचलली, की जे व्यवस्थित काम करते ते पुढे जात असते आणि जे बिघडते ते थांबते. फक्त पुढे जाण्याचा वेग त्यांनी वेगळा निवडला. आपल्याकडे धावणे म्हणजे घाई, श्रम, धडपड. 'धावपळ' हा शब्दच पाहा. निवांत, सुरळीत, अखंड चाललेल्या गोष्टीला आपण धावायला लावत नाही. इंग्रजी 'रन'मध्ये ती दमछाक नाही, कारण त्याच्या मुळाशी पाणी आहे. पाणी वेगाने जाते, पण दमत नाही.

म्हणून माझा एक साधा उपाय आहे. 'रन' आला आणि धावणे बसत नसेल, तर आधी 'चालणे' किंवा 'चालवणे' लावून पाहा, मग 'वाहणे'. फार थोडी वाक्ये यांतून निसटतात.

निसटणाऱ्यांपैकी काही मोठी मौजेची आहेत. अमेरिकेत उमेदवार पदासाठी 'रन' करतो, म्हणजे शर्यतीत धावतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार पार्लमेंटसाठी 'स्टँड' होतो, उभा राहतो. मराठीत तो निवडणुकीला उभा राहतो आणि निवडणूक लढवतोही. एकच कृती, पण कोणी तिला शर्यत समजले, कोणी उभे राहणे, कोणी लढाई. पायमोज्याचा धागा सुटून उभी रेघ पडते, तिला अमेरिकेत 'रन' म्हणतात आणि ब्रिटनमध्ये 'लॅडर', म्हणजे शिडी. एकाने सुटत जाणारी गती पाहिली, दुसऱ्याने मागे राहिलेला आकार.

रस्त्याचे काय? रस्ता हलत नाही, मग त्याला ओघ कुठला? ओघ आपल्या नजरेचा आहे. रस्त्यावरून नजर पुढे सरकते आणि ती गती आपण रस्त्याला बहाल करतो. यात परके काही नाही. 'हा रस्ता कुठे जातो?' असे आपणही विचारतोच, आणि रस्ता कुठेही जात नाही हे ठाऊक असूनही कोणी हसत नाही. आपल्या जुन्या शास्त्रात याला लक्षणा म्हणतात: मूळ अर्थ बसत नाही, म्हणून त्याच्याशी नाते असलेला दुसरा अर्थ घ्यायचा. वापरून वापरून असा अर्थ इतका रुळतो की तो लाक्षणिक आहे हेच विसरायला होते.

नामातही 'रन' आहेच. क्रिकेटमधला 'रन' आपण 'धाव' म्हणून घेतला आणि 'रन आउट'ला 'धावचीत' असा नेटका शब्द केला. चेंडू जमिनीवरून सीमेपार गेला तर पळावे लागत नाही, तरी चार धावा मिळतात. तिथे 'रन' म्हणजे पळणे उरलेच नाही, नुसते माप झाले. आणि एक जोडी तर नीट जपून वाचायची. 'रन अ बँक' म्हणजे बँक चालवणे. 'अ रन ऑन द बँक' म्हणजे बँक बुडणार या भीतीने ठेवीदारांनी आपले पैसे काढायला एकदम केलेली गर्दी, ज्यात भक्कम बँकही कोसळू शकते, कारण ठेवींचा मोठा भाग तिने कर्जाऊ दिलेला असतो. मधे एक 'ऑन' आला आणि बँक चालवण्याचे बँक बुडवणे झाले.

या छोट्या शब्दांकडे लक्ष देणे फार गरजेचे आहे. 'रन आउट' म्हणजे संपणे, 'रन इन्टू' म्हणजे अचानक गाठ पडणे किंवा आदळणे, 'रन ओव्हर' म्हणजे अंगावरून गाडी नेणे, 'रन अप' म्हणजे उधारी किंवा बिल साठवत नेणे, 'रन थ्रू' म्हणजे एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहणे. पाठांतराने हे जमते, पण लवकर विसरते. त्याऐवजी जोडीला आलेल्या शब्दाचे काम ओळखावे. 'आउट' अनेक क्रियापदांना 'पार संपेपर्यंत' अशी छटा देतो: दिवा जळून जळून विझला, तिकिटे सगळी विकली गेली, जात नामशेष झाली, सगळीकडे तोच 'आउट'. 'अप'मध्ये बहुतेकदा भर पडते. आपण हीच कामगिरी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो: संपून गेले, करून टाकले, बोलून बसला. 'बोलला' आणि 'बोलून बसला' यांतला फरक परक्या माणसाला शिकवायला गेलो की इंग्रजी शिकणाऱ्याची अडचण नेमकी काय असते ते समजते.

आता समानार्थी शब्दांकडे वळू, कारण 'रनला दुसरा शब्द काय?' असा प्रश्न नेहमी येतो. या प्रश्नाला उत्तर नाही. का नाही ते मराठीत पाहू. कोणी तुम्हाला विचारले, 'काढणे'ला समानार्थी शब्द सांगा, तर तुम्ही काय सांगाल? दात काढणे असेल तर उपटणे. चित्र काढणे असेल तर रेखाटणे. दिवस काढणे असेल तर कंठणे. आठवण काढणे असेल तर स्मरणे, माग काढणे असेल तर शोधणे, कर्ज काढणे असेल तर घेणे. समजूत काढणे, कुरापत काढणे आणि झोप काढणे यांना तर एका शब्दात पर्यायच सापडत नाही. 'कोणते काढणे?' असे आधी विचारावेच लागते. समानार्थी शब्द शब्दाला नसतात, अर्थाला असतात. 'वर्डनेट'ची रचना याच तत्त्वावर आहे: त्यात मूळ एकक शब्द नाही, तर एका अर्थाचे सगळे शब्द बांधलेली जुडी आहे, आणि 'रन' अशा अनेक जुड्यांत सापडतो.

म्हणून 'रन'चे पर्याय फांदीनुसार शोधायचे. पायांनी धावण्यात 'स्प्रिंट' म्हणजे जिवाच्या आकांताने थोडे अंतर, 'जॉग' म्हणजे रमतगमत. वाहण्यात 'फ्लो' आहे, 'लीक' आहे. यंत्राच्या बाबतीत 'ऑपरेट' आणि 'फंक्शन'. संस्थेच्या बाबतीत 'मॅनेज', 'डायरेक्ट', 'ॲडमिनिस्टर'. प्रोग्रॅमच्या बाबतीत 'एक्झिक्यूट'. बातमीच्या बाबतीत 'पब्लिश'. या फांद्यांची अदलाबदल होत नाही. ताप आलेल्या माणसाबद्दल इंग्रजीत तो 'ताप रन करतोय' म्हणतात. तिथे 'स्प्रिंट' किंवा 'मॅनेज' लावून पाहा, वाक्य कोसळते.

दोन अर्थ खरोखर वेगळे आहेत की एकच, हे तपासायचीही एक युक्ती आहे. दोन्ही एकाच क्रियापदाला जुंपायचे. 'तिने आंबे आणि पेरू आणले' हे ठीक वाटते. 'तिने दात आणि फोटो काढला' हे कानाला खटकते, कारण त्या एका 'काढला'ला दोन वेगळ्या अर्थांचे ओझे उचलावे लागते. इंग्रजीत 'ही रॅन अ मॅरेथॉन अँड अ कंपनी' म्हटले की तसाच ठेचकाळल्याचा भास होतो. जिथे खटकते तिथे अर्थ वेगळे झालेले असतात.

फांदी तीच असली तरी पर्याय पूर्ण सारखे नसतात, आणि याला इंग्रजीचा इतिहास कारण आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची कित्येक शतके दरबारात फ्रेंच, विद्येत लॅटिन आणि घरात इंग्रजी असा कारभार राहिला. म्हणून एकाच गोष्टीला घरचा, दरबारी आणि पोथीतला असे थर तयार झाले. सुरुवातीला घरचा 'बिगिन', फ्रेंचमधून आलेला 'कमेन्स', लॅटिन वळणाचा 'इनिशिएट'. मराठी माणसाला हे थर अंगवळणी आहेत. आपल्याकडे घर आहे, गृह आहे, मकान आहे. 'पाणी द्या' म्हणणारा माणूस 'जल द्या' म्हणाला, तर अर्थ बदलत नाही, पण प्रसंग बदलतो.

संस्थेच्या फांदीत हे स्पष्ट दिसते. 'मॅनेज' मूळ इटालियनमधून आला, आणि त्याचा पहिला अर्थ होता घोडा हाताळणे. त्यात 'हात' या अर्थाचे लॅटिन मूळ आहे. 'ॲडमिनिस्टर'मध्ये सेवक या अर्थाचे मूळ आहे. 'ऑपरेट' काम या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. या दरबारी मंडळींमध्ये 'रन' घरचा. 'शी मॅनेजेस द स्कूल' म्हटले तर तिचे पद डोळ्यांपुढे येते. 'शी रन्स द स्कूल' म्हटले तर अंगावर जबाबदारी घेऊन सगळे रेटणारी बाई दिसते. कदाचित तिच्याकडे पदही नसेल. मला दुसरे वाक्य अधिक आवडते, आणि मराठीत 'शाळा तीच चालवते' यातल्या 'तीच'मध्ये मला ती छटा सापडते.

इंग्रजीत अशा पर्यायांचा एक गाजलेला संग्रह पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी केला. पहिली वही त्यांनी १८०५ मध्ये स्वतःसाठी बनवली होती. पुस्तक निघाले ते १८५२ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर. त्यांनी शब्द अक्षरांच्या क्रमाने लावले नाहीत, कल्पनांनुसार लावले. आपल्याला ही पद्धत नवी नाही. अमरकोशात स्वर्ग, काल, भूमी, वनौषधी असे विषयवार वर्ग करून पर्यायशब्द दिले आहेत, आणि अनेक अर्थांच्या शब्दांसाठी 'नानार्थवर्ग' वेगळा ठेवला आहे. एका अर्थाचे अनेक शब्द आणि एका शब्दाचे अनेक अर्थ हे दोन उलटे प्रश्न आहेत, हे त्या कोशकाराला पक्के ठाऊक होते.

मग ऐन बोलण्यात माणसाला नेमका अर्थ कसा कळतो? संस्कृतातले जुने उदाहरण आहे: 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशाचा घोडाही. मालक जेवायला बसला असेल तर मीठ आणायचे, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात अशा वेळी कामी येणाऱ्या खुणांची यादीच दिली आहे: सोबतचा शब्द, नेहमीचे साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काळ आणि आणखी काही. दीड हजार वर्षांपूर्वीची ही यादी हातात घेऊन आजचे इंग्रजी वर्तमानपत्र वाचले तरी ती पुरी पडते. 'रन'शेजारी नदी आली की साहचर्याने वाहणे. बातमी निवडणुकीची असली की प्रकरणाने उमेदवारी. मजकूर अमेरिकेतला असेल तर देशाने पायमोजा.

यंत्रांना हे शिकवताना मात्र दम लागला. योशुआ बार-हिलेल या अभ्यासकांनी १९६० मध्ये एक छोटे वाक्य पुढे ठेवले: 'द बॉक्स वॉज इन द पेन.' इंग्रजीत 'पेन' म्हणजे लेखणी, आणि लहान मुलांना खेळायला सोडायचे कुंपणही. खेळण्यांची पेटी लेखणीत मावणार नाही, हे माणसाला सांगावे लागत नाही. यंत्राला वस्तूंचे आकार कोण सांगणार, असा त्यांचा प्रश्न होता. १९८६ मध्ये मायकेल लेस्क यांनी एक साधी वाट काढली. शब्दाच्या प्रत्येक अर्थाची कोशातली व्याख्या घ्यायची, शेजारच्या शब्दांच्या व्याख्या घ्यायच्या, आणि ज्या अर्थाचे शब्द त्यांच्याशी जास्त जुळतील तो अर्थ निवडायचा. हे भर्तृहरीचे 'शेजारचा शब्द' तत्त्वच झाले, फक्त मोजून लावलेले. आजची भाषांतर करणारी यंत्रे अफाट मजकूर वाचून, वाक्यागणिक शब्दाचे स्थान आकड्यांत नव्याने ठरवतात. शेजारी बदलले की आकडे बदलतात.

कोश उघडताना हेच करावे. पहिला अर्थ उचलून परत फिरू नये. 'रन' कोण करते आहे, पुढे कर्म आहे का, जोडीला 'आउट'सारखा शब्द आहे का, एवढे तीन प्रश्न मनात ठेवून खाली उतरावे आणि व्याख्येपेक्षा उदाहरणाचे वाक्य आधी वाचावे. आपल्या वाक्यासारखे वाक्य दिसले की अर्थ सापडला.

एक उतारा करून पाहू. 'शी रन्स अ स्मॉल थिएटर कंपनी. देअर लास्ट प्ले रॅन फॉर थर्टी नाइट्स. देन द मनी रॅन आउट, टेम्पर्स रॅन हाय, अँड द लीड ॲक्टर वॉज रनिंग अ फीव्हर.' तीन वाक्यांत पाच वेळा 'रन'. मराठीत: 'ती एक छोटी नाटकमंडळी चालवते. त्यांचे मागचे नाटक सलग तीस रात्री चालले. मग पैसे संपले, सगळ्यांची डोकी तापली आणि मुख्य नटाला तर खरोखरच ताप भरला होता.' दोनदा चालणे-चालवणे, एकदा संपणे, एकदा तापणे, एकदा ताप भरणे. धावणे एकदाही नाही.